तपासल्याशिवाय पाठवणी नाही

आमच्या सरांचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर होता, आणि त्या डोळ्यांचा नंबरही ते दर दिवाळीला दोन वेगवेगळ्या दुकानांत तपासून घेत. दोन्हीकडे नंबर सारखा निघाला की त्यांना वेगळाच संशय यायचा. दुकानदार एकमेकांना फोन करतात, असं त्यांचं मत होतं.

शहापूरच्या बाजारपेठेत खताच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. खाली युरिया, वर सॉफ्टवेअर. पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या गिऱ्हाइकांची रांग जिन्यापर्यंत यायची आणि त्यातला एखादा शेतकरी चुकून वर येऊन माझ्याकडे सुफला खत मागायचा. सर त्यालाही हात हलवत परत पाठवत नसत. तो खाली जायच्या आधी त्याला गोणीची शिवण कशी बघायची, वजन कसं करून घ्यायचं, हे सगळं समजावत. खालच्या दुकानदाराला हे कळल्यापासून त्याने आम्हाला चहा पाठवणं बंद केलं.

मी मुरबाडची. किन्हवलीवरून येणाऱ्या एसटीने रोज जायची-यायची. मुलाखतीच्या दिवशी सरांनी माझं डिग्रीचं सर्टिफिकेट खिडकीपाशी उन्हात धरून बघितलं, मग माझ्यासमोरच कॉलेजला फोन लावला. फोन उचलणाऱ्याने कॉलेजचं नाव सांगितलं. सर म्हणाले, "फोनवर काय, कुणीही सांगेल." मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात सर एक दिवस आले नाहीत. दुसऱ्या दिवशी समाधानाने म्हणाले, "आहे. कॉलेज आहे. इमारत बरी आहे."

पूर्वी ते एका तंत्रनिकेतनात शिकवत. ती नोकरी का सोडली, याची हकिगत त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी मला सांगितली. इतर मास्तरांनी तपासलेले पेपर हे पुन्हा तपासायला मागत. प्राचार्यांनी नाही म्हटलं, तेव्हा यांनी प्राचार्यांची नेमणूक कशी झाली ते तपासायला घेतलं. काकू हे सगळं भाजी निवडता निवडता अगदी थंडपणे सांगत. "लग्नाआधी हे आमच्या घरी तीन-चारदा आले होते. मला वाटलं मला बघायला येतात. विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का ते बघायला येत होते."

जेवणाच्या सुट्टीत सर प्रत्येकाच्या डब्यात चमचा घालत. "मीठ बघतो," म्हणत. आमटीचं मीठ एका चमच्यात कळतं, पण सरांच्या मते वरच्या आणि तळाच्या आमटीत फरक असू शकतो. माझ्या आईची वालाची उसळ त्यांनी इतकी मन लावून तपासली होती की मला त्या दिवशी भाकरी लोणच्याशी खावी लागली. उसळ चांगली आहे, असा निकाल मात्र मिळाला. मी घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "गो, तो मानूस भुकेला आसंल. उद्या जास्त देते." आईला आमच्या धंद्यातलं काही कळत नाही, पण माणसांतलं कळतं असं मला आजवर वाटत आलंय. सरांच्या बाबतीत ती चुकली. ते भुकेले नव्हते, ते तसेच होते.

एकदा ऑफिसातर्फे आम्ही सिद्धगडला गेलो. उतरताना अंधार झाला तर असू द्यात, म्हणून सरांनी टॉर्च घेतले होते आणि ते सगळे चालतात की नाही हे बघायला पायथ्यापासून पेटते ठेवले होते. भर उन्हात आमची वरात टॉर्च लावून गड चढत होती. लाकडं घेऊन उतरणारी एक बाई बाजूला उभी राहून आमच्याकडे बघत राहिली. संध्याकाळी खरी गरज पडली तेव्हा एकही टॉर्च पेटेना. सर म्हणाले, "पण सकाळी सगळे चालत होते. माझ्याकडे खात्री आहे."

ही हकिगत मी उगाच सांगत नाही. सरांच्या सगळ्या कर्तबगारीचं सार त्यात आहे. तपासणीत वस्तू संपून जाते, हे त्यांच्या कधी ध्यानातच येत नसे.

आता आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगते. प्रोग्रॅमिंगमध्ये लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. फोटो, व्हिडिओ, पीडीएफ, काहीही आपल्या मशीनवरून लांबच्या सर्व्हरवर चढवायचं असलं की जगभरचे लोक अशी एखादी लायब्ररी घेतात, दोन ओळी लिहितात आणि चहा प्यायला जातात. मीही पहिल्या महिन्यात तेच केलं. सरांनी माझा चहा थांबवला.

"कुणी लिहिलीय ही?"

"सर, नाव आहे तिथे. लाखो लोक वापरतात."

"लाखो लोक गुटखा खातात. तू ओळखतेस का त्याला?"

मी त्याला ओळखत नव्हते. मग सरांनी स्वतः लायब्ररी लिहिली आणि तिचं नाव ठेवलं 'पाठवणी'. तिची रीतही लग्नातल्या पाठवणीसारखीच होती. फाइलला नाव द्यायचं, ती फोटो आहे की व्हिडिओ ते सांगायचं, आतला मजकूर तिच्यासोबत जोडायचा आणि निरोप द्यायचा. सुखरूप पोचली की सर्व्हरकडून उलट निरोप येतो, 'यशस्वी'. तो शब्द पडद्यावर उमटला की सर खुर्चीत मागे टेकत. मुलीच्या बापाला पहिल्या सणाला जावई चांगला वाटावा, तसा त्यांना तो सर्व्हर वाटे. आणि खरं बोलायचं तर पाठवणी वाईट नव्हती. आसपासच्या ग्रामपंचायतींची घरपट्टीची कागदं, आश्रमशाळांचे फोटो, सगळं तिच्यातून बिनबोभाट जायचं. तोवर तिच्यात तपासणी नव्हती.

मग डोळखांबचं काम आलं.

डोळखांबच्या पलीकडे डोंगराच्या पोटात एक पाडा आहे. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जंगलातल्या जमिनीवर भात आणि नाचणी करत आली. कागदावर मात्र ती तिथे नव्हतीच. त्यांनी वनहक्काचा दावा केला होता, तो एकदा फेटाळला गेला आणि आता फेरसुनावणी लागली होती. दावा मंजूर झाला तर जमिनीचा पट्टा मिळणार. नाही झाला तर आपल्याच बांधावर चोर ठरायचं, असा मामला होता. एका छोट्या संस्थेने आम्हाला सांगितलं, पाड्यावरचे जुने बांध, विहीर, देव यांचे फोटो आणि जुन्या माणसाची व्हिडिओवर साक्ष, हे सगळं सुनावणीआधी सरकारी सर्व्हरवर चढवून द्या.

जुनं माणूस एकच उरलं होतं. पाड्यावर सगळे तिला म्हातारी म्हणत, आणि तीही स्वतःला म्हातारीच म्हणे. तिच्याइतकं जुनं काही सांगू शकेल असं दुसरं कुणी जिवंत नव्हतं. दावा तिच्या आठवणीवर उभा होता. तिचा पुतण्या बाळू आटगावच्या गोदामात माल चढवा-उतरवायचं काम करायचा आणि पाड्याच्या वतीने सगळी धावपळ तोच करत होता.

साक्ष घ्यायला सर स्वतः गेले, मलाही नेलं. म्हातारी आम्हाला घरात बोलायला तयार होईना. पाड्याच्या वर वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे, तिथे घेऊन गेली. दगडावर हात ठेवला आणि मगच तोंड उघडलं. बाळूने मोबाइल धरला. ती किती वेळ बोलत होती कोण जाणे, पण मध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. लग्न होऊन आली तेव्हा रान कुठवर होतं, सासऱ्याने कुठला बांध घातला, नवऱ्याने विहीर कुठे खणली, असं एकेक करत तिने पाडा उभा केला. पायावर मुंग्या चढत होत्या तरी सर हलले नाहीत.

ऑफिसात आल्यावर त्यांनी कानाला हेडफोन लावून ती साक्ष पुन्हा ऐकली, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग पाठवणीत त्यांनी नवा नियम घातला. एवढ्या मोलाचा माल आहे, तर जोडण्याआधी पाठवणीने प्रत्येक फाइल पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून बघायची, कुठे किडलेली नाही याची खात्री करायची, मगच निरोप द्यायचा. आणि 'यशस्वी' आलं की आपल्याकडची प्रत पुसून टाकायची. साक्ष दोन ठिकाणी ठेवायची नसते, हेही त्यांनीच ठरवलं.

मी म्हटलं, "सर, एक कॉपी राहू द्या ना."

"सासरी पोचलेली मुलगी माहेरी पण ठेवतेस का?"

आमच्या घरातल्या सगळ्या पाठवण्या मी आठवून बघितल्या. तोवर सरांनी बटण दाबलं होतं. यशस्वी, यशस्वी, यशस्वी. मोबाइलचं कार्डसुद्धा त्यांनी स्वतःच्या हाताने कोरं केलं आणि बाळूला परत दिलं.

सुनावणी दोन दिवसांवर आली तेव्हा बाळू गोदामातून थेट आमच्याकडे आला. अंगावर पुठ्ठ्याची धूळ तशीच होती.

"सर, तालुक्यावरनं फोन आलता. फायली गेल्यात, नावं पन दिसत्यात, आत काय नाय म्हनत्यात."

"शक्य नाही. सर्व्हरने यशस्वी म्हटलंय."

"मंग सुनावनीला सर्व्हरला नेव का?"

सरांनी पडद्यावरचा शब्द त्याला दाखवला. बाळूने तो वाचला, सरांकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी पाठवणीचा कोड उघडला. चूक शोधायला फार वेळ लागला नाही, कारण ती नव्या तपासणीच्या ओळीच्या लगेच खालीच होती.

मशीन फाइल वाचतं ते पोथी वाचल्यासारखं, ओळीवर बोट ठेवून. वाचत वाचत बोट शेवटच्या पानाच्या शेवटाला येतं आणि तिथेच राहतं. आता त्याला म्हटलं, जोड आणि पाठव, तर ते बोटाच्या पुढचं पाठवतं. बोटाच्या पुढे काही नसतंच. बोट परत पहिल्या पानावर न्यायची एक ओळ लिहावी लागते, ती सरांनी लिहिली नव्हती. त्यामुळे पाकीट गेलं, पाकिटावर नाव गेलं, आत कागद नव्हता. सर्व्हरला पाकीट मिळालं, त्याने प्रामाणिकपणे यशस्वी म्हटलं. आजवर न तपासता पाठवलेली प्रत्येक फाइल सुखरूप पोचली होती. तपासलेल्या तेवढ्या रिकाम्या गेल्या.

मी हे समजावून सांगितलं. सरांनी ते ऐकलं, स्वतः कोड वाचला, पुन्हा वाचला. मग उठून बेसिनशी जाऊन तोंड धुतलं. परत आले तेव्हा त्यांनी पुसायला रुमाल घेतला नव्हता आणि पाणी शर्टावर ओघळत होतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि तरी ते पाणी बघून वाईट वाटलं.

"फोटो परत काढता येतील," ते म्हणाले.

"फोटो मी काढीन वो," बाळू म्हणाला. "म्हातारीचं काय?"

म्हातारीचं काय, ते दुसऱ्या दिवशी पाड्यावर जाऊन कळलं. ती अंगणात नाचणी पाखडत होती. सरांनी हात जोडले, झालं ते सांगितलं, चूक माझी म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. म्हातारीने सूप खाली ठेवलं नाही.

"मी सांगलंय. वाघोबाच्या म्होरं हात ठेवून सांगलंय. साक्ष एकदाच देत्यात."

"आजी, पण ती हरवली."

"तुझ्याकडनं हरवली. माझ्याकडनं नाय." तिने दाणे झटकले. "दोनदा शपथ घेतो तो पयली खोटी करतो. मंग देवानं कंची धरायची?"

बाळूने समजावलं, पाड्यावरच्या बायकांनी समजावलं, संस्थेच्या कार्यकर्त्याने फोनवरून समजावलं. ती हट्टी नव्हती, अजिबात नव्हती. सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत होती आणि नाय म्हणत होती. जमीन जाईल, असं बाळू शेवटी चिडून म्हणाला. त्यावर ती म्हणाली, "देवाला खोटं पाडून ऱ्हायलेली जमीन घेव काय करायची रे?" एवढं बोलून तिने आम्हाला पाणी विचारलं. आम्ही प्यायलो आणि उतरलो. उतरताना बाळू सरांना मागे टाकून पुढे निघून गेला.

सुनावणी डोळखांबला एका शाळेच्या वर्गात होती. पाड्यावरचे सगळे आले होते. म्हातारीही आली होती, मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसली होती. सुनावणी घेणारे साहेब तसे भले होते, फक्त कंटाळलेले होते. बाळूने नवे फोटो दिले. साहेबांनी ते बघितले, म्हणाले, "दगड आहेत, विहीर आहे. पण हे कधीचं, हे कोण सांगणार? साक्षीची फाइल रिकामी आहे."

सर उभे राहिले. "मजकूर माझ्याकडे आहे."

"पेनड्राइव्ह?"

"नाही. मी ऐकलाय. पुन्हा पुन्हा."

"तुम्ही कोण?"

"मी पाठवणारा."

साहेबांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, तुमची साक्ष धरता येणार नाही, बोलायचं तर बोला, पण लिहून घेणार नाही. सरांना एवढंच पुरलं. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. मजकुरात फेरफार करायचा नसतो, हा त्यांचा धंद्यातला नियम. त्यामुळे खिशाला दोन पेनं लावलेला, अर्ध्या केसांचा हा गृहस्थ भर वर्गात म्हणू लागला, "मी लगीन होवून आलं तवा माझ्या अंगाला हळद व्हती. सासू म्हनली, पोरी, त्या वढ्यापल्याड जाव नको."

पाडा हसला. बायकांनी तोंडाला पदर लावले. बाळूसुद्धा खाली मान घालून हसत होता आणि शिपाई दारातून आत डोकवत होता. सर थांबले नाहीत. म्हातारीचे शब्द, म्हातारीचा हेल, मध्ये ती घसा साफ करायची तेसुद्धा. त्यांनी तिच्या सासऱ्याचा बांध घातला, तिच्या नवऱ्याची विहीर खणली.

"ती विहीर मोठ्या धोंड्याच्या वरल्या अंगाला..."

"खालल्या," मागून आवाज आला. "वरल्या अंगाला नुसता कातळ हाय. तिथं कोन विहीर खनंल?"

सरांनी डोळे उघडले. साहेबांनीही. "आजी, साक्ष द्यायचीय का?"

"नाय. साक्ष झाली. हा चुकतोय, ते सांगते."

साहेब लिहिणाऱ्या कारकुनाकडे वळून म्हणाले, "आजी दुरुस्त करतील ते लिही." पुढे सर एक वाक्य म्हणत आणि म्हातारी ते सरळ करी. कुणाचं शेत कुठे संपतं, कुठलं झाड कुणी लावलं, कुठल्या वर्षीच्या पुरात काय वाहून गेलं. हळूहळू सरांचं वाक्य लहान आणि तिचं मोठं होत गेलं. कुणी हसत नव्हतं आता. सर मुद्दाम चुकत होते, असं बाळू आजही छातीठोक सांगतो. सरांना एवढं सुचलं असेल असं मला वाटत नाही. डोंगराची वरली आणि खालली बाजू त्यांना कधीच कळली नव्हती.

मग सर एका ठिकाणी आले आणि थांबले. "घराच्या मागल्या बांधाखाली," एवढं म्हणाले आणि पुढे बोलेनात. मला माहीत होतं पुढे काय आहे, कारण मीही त्या दिवशी दगडापाशी उभी होते. काकूंना आणि सरांना मूल नव्हतं. त्याबद्दल आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सर उभे राहिले, ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

म्हातारी उठली. काठी टेकत पुढे आली आणि सरांच्या शेजारी उभी राहिली.

"ऱ्हाव दे रे," ती त्यांना म्हणाली. मग साहेबांना म्हणाली, "बांधाखाली माझी पयली पोर पुरलीय. त्या साली त्यो बांध नवा व्हता. माझ्या नवऱ्यानं उचकला आन् परत रचला. तिथला दगड येगळा दिसतो, जावून बगा."

ते पुढे खरोखर जाऊन बघितलं गेलं. पट्टे मिळायला वेळ लागला, पण मिळाले. सरांनी पाठवणी मोडीत काढली आणि माझी ती अनोळखी माणसाची लायब्ररी वापरायला परवानगी दिली. त्या माणसाला त्यांनी आधी एक लांबलचक ईमेल करून त्याचं शिक्षण विचारलं होतं. पट्टे वाटले त्या दिवशी ते भाषणात म्हणाले, की आमच्या कंपनीने पाड्याचा मजकूर कोणतीही गळती न होता पोचवला. बाळूने टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

पण त्या दिवशी वर्गात साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं आणि अगदी हळू विचारलं होतं, "आजी, मुलीचं नाव ठेवलं होतं?"

बाळू पुढे झुकला. त्यालाही हे माहीत नव्हतं.

"बुधी," ती म्हणाली.

कारकुनाने लिहून घेतलं. सर माझ्या बाजूला येऊन बसले. चष्मा काढून हातात धरला होता, पुसत नव्हते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे फाइलमध्ये नव्हतं."